दांडीचा काटा

नोरीननं फ्रिजचं बटण बंद केलं, मोबाइल नेऊन फाटकाजवळच्या पत्रपेटीत ठेवला, खिडक्या लावून घेतल्या आणि मगच डिजिटल काट्यावर पितळी वजन ठेवलं. आकडा क्षणभर थरथरला आणि जिथं थांबायला हवा तिथं थांबला. तिनं चिमट्यानं वजन उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तोच आकडा. बाहेर उत्तरेच्या वाळवंटाकडून येणारा गरम वारा सुटला होता, बंद स्वयंपाकघरात तिला घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि टेबलावरचा काटा शहाण्या पोरासारखा खरं तेच सांगत होता.

गेले आठ महिने तो खरंच सांगत होता. तीच तर पंचाईत होती. एकदा जरी तो चुकला असता तरी तिनं नेमबाजी क्लबच्या कॅप्टनला, ब्रेंटनला, फोन करून सांगून टाकलं असतं, की होय बाबा, माझ्याच काट्यानं कीथचा डोळा घेतला. मग क्लबवाल्यांनी जे काय करायचं ते केलं असतं. पण आज खरं बोलतो म्हणून त्या संध्याकाळीही खरं बोलला असेल, असं कुणी सांगावं? डिजिटल काट्याचं सगळं असंच. पंख्याची झुळूक लागते, शेजारी फोन वाजतो, विजेचा दाब जरा वरखाली होतो, आणि त्याचं शून्यच सरकून बसतं. नंतर विचारायला जावं तर साळसूद, जसं काही झालंच नाही. त्याला दोषी ठरवता येत नव्हतं आणि निर्दोषही. आणि त्याच्याबरोबर नोरीनलाही.

ती वजन तिसऱ्यांदा ठेवायला गेली आणि बाहेर खडीवर गाडीची चाकं वाजली. तिनं पडदा बोटभर सारून पाहिलं. कीथ रोवेटची पांढरी गाडी. चालवायला त्याची बायको डल्सी. डल्सीनं इंजिन बंद केलं नाही, काच खाली केली नाही, मानही वळवली नाही. तिचा नवरा मात्र उतरला आणि कुंपणाला हात लावत, डोकं थोडं तिरपं धरून घराकडे यायला लागला.

नोरीननं चिमटा खाली ठेवला. तिनं काट्यावर भांडी पुसायचं फडकं टाकलं आणि दार उघडलं.

"घरात कुणी गेलंय की काय?" कीथ म्हणाला. "सगळ्या खिडक्या बंद."

"वारा आहे."

"वारा तर आहेच. माणूस भाजून निघेल इथं." त्यानं खुर्ची आधी हातानं चाचपली, मग बसला. उजव्या डोळ्यावर कातडी पट्टी होती. पट्टीच्या खालून गालावर बारीक निळे ठिपके पसरले होते, बंदुकीच्या दारूचे कण कातडीत शिरून बसलेले. नोरीन त्याच्याशी बोलायची तेव्हा नेहमी त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे पाहायची. आजही तिनं गुंडीच गाठली.

"डल्सीला आत बोलव की," ती म्हणाली.

"येणार नाही." त्यानं सांगून टाकलं. "ऐक. ईस्टरच्या स्पर्धेत मी उतरतोय."

"तू?"

"मग काय माझं भूत? डाव्या खांद्यावरून. रोज गॅरेजमध्ये पालथा पडून सराव करतो, रिकाम्या बंदुकीनं. डल्सी म्हणते, किनाऱ्यावर येऊन पडलेला म्हातारा सील दिसतोस. पण बसायला लागलंय बरं का. डावा डोळा चांगला आहे. लांबचं लख्ख दिसतं. जवळचं तेवढं…" त्यानं बोटं नाकासमोर धरली आणि हलवली. "जवळचं सगळं भुरकं. डॉक्टर म्हणतो, वयच आहे. त्या आधीपासूनच होतं म्हणतो."

नोरीननं त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्यानं तो घ्यायला हात पुढं केला, आणि हात ग्लासाच्या बोटभर अलीकडेच मिटला. मग दुसऱ्यांदा त्यानं तो बरोबर पकडला. दोघांनीही ते पाहिलंच नाही असं केलं.

"काडतुसं तू भरून दे मला," कीथ म्हणाला.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्या अख्ख्या द्वीपकल्पावर, बार्लीच्या शेतांमधून जिथं जिथं म्हणून नेमबाजीचा क्लब होता तिथं, एक गोष्ट कुणाला शिकवावी लागत नसे. आपली काडतुसं आपण भरायची. दुसऱ्यानं भरलेली उडवायची नाहीत. सख्ख्या भावानं भरलेली असली तरी नाही. बंदूक गालाशी धरायची, म्हणजे भरताना हात कुणाचा होता ते स्वतःला ठाऊक हवं. आणि हा माणूस, या घरात येऊन, तिला हे सांगत होता.

"ब्रेंटनला सांग," ती कशीबशी म्हणाली. "तो कॅप्टन आहे."

"ब्रेंटन एका कानानं क्रिकेट ऐकत दारू तोलतो."

"मग दुसरं कुणी बघ. माझ्याच मागं का लागलास?"

"कारण तू घाबरलेली आहेस," कीथ म्हणाला. सहज, हवापाण्यावर बोलावं तसं. "बाकीच्यांना माझी कीव येते. कीव आलेलं माणूस घाईनं मदत करतं. घाबरलेलं माणूस दहादा तोलतं."

नाही म्हणायला तिला तोंड कुठं होतं?

तो उठला. जाता जाता त्यानं टेबलावरच्या फडक्याकडे हनुवटीनं खूण केली. झाकून झाकून काय झाकणार? फडक्याखाली चौकोन स्पष्ट दिसत होता.

"आणि तो आणायचा नाही. माझ्या शेडमध्ये, बाबांच्या काट्यावर. दांडीला ना वीज लागते ना अक्कल. जमीन ओढते तेवढं सांगते."

"हो," नोरीन म्हणाली.

गाडी गेल्यावर तिनं खिडक्या उघडल्या, फ्रिज सुरू केला आणि त्याला टेकून खाली फरशीवर बसली.

*

खरं तर हा वाद कितीतरी वर्षांचा होता आणि चांगला खेळीमेळीचा होता. शनिवारी नेमबाजी संपली की पत्र्याच्या क्लबघरात खिमा-बटाटा भरलेल्या पेस्टी आणि चहा व्हायचा, आणि कीथ नि नोरीनची जुंपायची. त्याचा काटा म्हणजे बापाकडून आलेला: लोखंडी पाय, पितळी दांडी, दांडीवर खाचा, खाचांवर सरकवायचं एक वजन, टोकाला लोंबती वाटी. वजन आपल्या आकड्याच्या खाचेत बसवायचं, वाटीत दारू ओतायची, आणि दांडीचं टोक रेषेवर येऊन स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बघत बसायचं. एकेका काडतुसाला मिनिट मिनिट. नोरीन म्हणायची, "नोहानं जहाजात जनावरं याच काट्यावर तोलून घेतली होती ना रे?" कीथ म्हणायचा, "तुझ्या खेळण्याची वीज गेली की तू काय चमच्यानं दारू घालणार का?" सगळे हसायचे. डल्सी सगळ्यात जोरात हसायची, आणि नोरीनच्या ताटात दुसरी पेस्टी वाढायची.

शेवटी गेल्या जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, नोरीननंच आपला काटा खोक्यात घालून त्याच्या हातात कोंबला. "ने एकदा. आठवडाभर वापर. नाही आवडला तर माझ्या डोक्यात घाल." हे वाक्य तिचंच होतं. क्लबातल्या सगळ्यांच्या देखत उच्चारलेलं. ते तिला रोज आठवायचं.

त्या शनिवारी ती त्याच्या शेजारीच उंचवट्यावर पालथी पडली होती. दोघांचं निशाण एक, नेम आळीपाळीनं. पहिली पाळी कीथची. आवाजच वेगळा आला. नेहमीचा कडक नाही, फुटका, पिचका. तपकिरी धूर तिच्या तोंडावर आला. कीथ बंदूक सोडून हळूच उठून बसला आणि भर दुपारच्या उन्हात शांतपणे म्हणाला, "दिवे कुणी घालवले?"

त्या प्रश्नानं ती अजून झोपेतून दचकून उठायची.

पुढं ब्रेंटननं त्याच्या डब्यातली उरलेली काडतुसं उघडून दारू तोलली. प्रत्येकात पाच ग्रेन जास्त भरली होती, आणि सगळ्यांत सारखीच जास्त. दारू पुंगळीच्या गळ्यापर्यंत आलेली. एरवी कुणाच्याही नजरेस पडली असती, असं ब्रेंटन एकदा बोलून गेला आणि मग गप्प झाला. डोळा गेलेल्या माणसाबद्दल तसं बोलायला नको म्हणून. कीथच्या शेडमध्ये टेबलावर नोरीनचा डिजिटल काटा उभा होता, वायर लावलेली. जुना दांडीचा काटा आपल्या झाकणाखाली, कोपऱ्यात. कीथला आदल्या संध्याकाळी काडतुसं भरली त्याचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं, पुढच्या दोन दिवसांचंही नाही. मग आठवायचं राहिलंच काय? डिजिटलचं शून्य चुकलं, आणि सगळी काडतुसं तेवढ्यानं चुकली. कुणी नोरीनला तोंडावर दोष दिला नाही. तो इतक्या सभ्यपणे दिला नाही, की तिला कळायचं ते कळलं. ब्रेंटननं काटा खोक्यात घालून तिच्या ओसरीवर आणून ठेवला आणि बेल न वाजवता गेला. डल्सी दुकानात समोरून आली की ढकलगाडी वळवून दुसऱ्या रांगेत शिरायची. एवढ्या वर्षांची मैत्रीण.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी नोरीन रोवेटांच्या परसात उभी होती. हात तिनं घरून निघतानाच दोनदा धुतले होते, इथं आल्यावर टाकीच्या नळाखाली पुन्हा धुतले. डल्सी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली. त्या शनिवारनंतर शेडला तिनंच कुलूप घातलं होतं, आणि किल्ली ती कुणाला देत नसे, नवऱ्यालासुद्धा.

"तिला सांग, आत पंखा लावायचा नाही म्हणावं," डल्सी कीथला म्हणाली. नोरीन दोन हातांवर उभी होती.

"तिला माहीत आहे, डल्सी."

"तिला काय काय माहीत असतं ते बघितलंय मी. आणि तिला सांग, मी इथंच दारात उभी राहणार आहे. एकूण एक काडतूस होईपर्यंत."

"उभी राहा. खुर्ची आणून देऊ?"

"थट्टा नको करूस, कीथ." डल्सीचा आवाज एकदम फाटला. "तुला परत त्या उंचवट्यावर पडलेला बघायचं म्हणजे माझ्या जिवाचं पाणी पाणी होतंय, आणि तू थट्टा करतोस. तेही हिच्या हातची काडतुसं घालून!"

कुलूप उघडलं. आत पत्र्याखाली कोंडलेली उष्णता होती, तेलाचा वास होता, आणि कोळ्यांच्या जाळ्यांनी खिडकी बंद करून टाकली होती. टेबलावर डिजिटलची जागा रिकामी होती, धुळीत एक फिकट चौकोन. कोपऱ्यात राखाडी झाकण. कीथनं भिंतीला धरून स्टूल शोधलं आणि बसला. "काढ," तो म्हणाला. त्याच्या आवाजात लहान पोराचा उत्साह होता. "आठव्या खाचेवर लावलेलाच असेल. तीस वर्षं माझा आकडा बदललेला नाही. बाबांनी सांगितलेलाच आहे."

हे क्लबातल्या सगळ्यांना पाठ होतं. कीथची आठवी खाच. तो पेस्टी खाता खाताही सांगायचा.

नोरीननं दाराकडे पाठ केली आणि झाकण उचललं.

दांडी एका बाजूला कललेली होती. वाटीच्या तळाशी दारूचे दोन-चार काळे कण चिकटून होते. आणि सरकतं वजन नवव्या खाचेत बसलेलं होतं.

तिनं मोजलं. पुन्हा मोजलं. आठवी खाच मोकळी होती, तिच्यात धूळ साचली होती. वजन नवव्यात होतं, नीट, घट्ट, मुद्दाम बसवल्यासारखं. एका खाचेचा फरक पाच ग्रेनचा. ब्रेंटननं डब्यातली काडतुसं उघडून सांगितला होता तेवढाच.

म्हणजे त्या संध्याकाळी डिजिटल त्याच्यासमोर उभा असताना कीथनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नेहमीसारखा बापाचा काटा ओढला, भुरक्या डोळ्यांनी वजन सरकवलं, एक खाच पुढं बसवलं, काम झाल्यावर नेहमीच्या नेटकेपणानं झाकण घातलं. आठ महिने ते झाकण कुणी उचललं नव्हतं, कारण या काट्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

माझा नव्हता! तिला ओरडावंसं वाटलं. माझा काटा नव्हता! डल्सीचं मनगट धरून तिला खेचत आत आणावं, तिचं नाक या दांडीवर नेऊन टेकवावं आणि म्हणावं, मोज! मोज आता, तुला मोजता येतं ना? ढकलगाडी वळवतेस काय माझ्यासमोर!

"काय झालं?" मागून कीथ म्हणाला. "गंज धरलाय का?"

ती वळली. तो स्टुलावर पुढं झुकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, पट्टी थोडी सरकलेली. एक डोळा तिच्याकडे आणि त्या डोळ्यात एवढा विश्वास. तिच्यावर नव्हे, काट्यावर. या माणसाचं जे काय शाबूत राहिलं होतं ते त्या पितळी दांडीला लोंबत होतं. डोळा दुसऱ्याच्या काट्यानं गेला, बापाच्या काट्यानं नाही; माझ्या हातानं तर नाहीच. यावरच तो रोज गॅरेजमध्ये पालथा पडत होता.

मग सरकवून टाकावं का? एक बोट लावायचं. टक्. कुणाला कळणार नाही. तिच्यावरचा डाग तसाच राहील, आठ महिने राहिला तसा राहील. एवढं आपण करू शकतो, असं तिला वाटलं, आणि स्वतःच्या चांगुलपणानं तिचे डोळे भरून आले.

पण बोट उचलताना ती थांबली. ईस्टरला ती भरून देईल. पुढं? डावा खांदा बसला, नेम लागायला लागला, की हा कुणाकडे मागायला येणारा माणूस नव्हता. एखाद्या संध्याकाळी एकटाच येऊन बसेल इथं, झाकण काढेल, भुरक्या एका डोळ्यानं वजन सरकवेल. आणि त्याला वाटेल, दांडी कधी चुकत नाही. आत्तापर्यंतची तिची भीती मागं घडून गेलेल्याची होती. ही पुढची होती, आणि ही फार वाईट होती. आज आपण गप्प बसलो तर पुढच्या वेळचं पाप खरोखरच आपलं.

"नाही, गंज नाही," ती म्हणाली. "कीथ, जरा इकडे ये. खाच तू दाखव मला."

"आठवी. सांगितलं की."

"सांगितलंस. पण काटा तुझा आणि उडवणार तू. बोट लावून दाखव. मला ही जोखीम नको."

"बघ, म्हटलं नव्हतं?" कीथ बायकोला म्हणाला, खूश होऊन. "दहादा तोलणार ही."

तो टेबलाला धरत आला. वाकला, पाहिलं, पण एवढ्या जवळचं त्याला काही दिसत नव्हतं. मग अंगठ्याचं नख दांडीच्या टोकाला लावलं आणि खाचांवरून ओढायला लागला. नख प्रत्येक खाचेत अडकून टिकटिक करत होतं. "एक. दोन. तीन," तो मोठ्यानं म्हणत होता, शाळेतल्यासारख्या सुरात. "सहा. सात. आठ…"

आठव्या खाचेत नख उतरलं. आत बसलं. तिथं वजन असायला हवं होतं आणि नव्हतं.

कीथ थांबला. त्यानं नख मागं नेलं, पार सुरुवातीपर्यंत, आणि पुन्हा मोजायला लागला. या वेळी आवाज न करता. ओठ तेवढे हलत होते. नख पुन्हा आठव्यात उतरलं. पुढं सरकलं. नवव्यात वजनाला टेकलं.

पत्र्यावर वाऱ्यानं वाळू आपटत होती. नोरीनला त्याच्या मानेची शीर दिसत होती, उडत असलेली. तिनं गुंडीकडे पाहायचं सोडून सरळ त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, देवा, हे आपण काय केलं.

"काय रे?" दारातून डल्सी म्हणाली. "काय झालं? बरोबर नाहीये का?"

कीथच्या अंगठ्यानं वजन मागं ढकललं. टक्.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"असणारच. त्याला काय धाड भरलीये? त्यानं कधी कुणाचं वाईट केलंय?"

झालं. संपलं. आता दांडीवर सगळं जागच्या जागी होतं, आणि नववी खाच फक्त नोरीननं पाहिली होती. उद्या बोलायला गेली तर कोण विश्वास ठेवणार? स्वतःची कातडी वाचवायला डोळा गेलेल्या माणसावर ढकलते म्हणतील. आणि हा! डोळ्यादेखत, तिच्याशेजारी उभं राहून, अंगठ्यानं पुसून टाकलं यानं. तिला संतापानं रडू यायला लागलं आणि रडायला भीती वाटायला लागली. यापुढं ती याच्या शेजारी एका उंचवट्यावर कशी पडणार होती?

हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिनं डब्यातून चमचाभर दारू घेतली आणि वाटीत सोडायला लागली. शेवटचे कण एक एक करून चिमटीतून पडले. दांडी उचलली गेली, वर गेली, खाली आली, वर गेली, आणि टोक रेषेवर येऊन थांबलं.

"झालं," ती म्हणाली.

कीथ तिच्या बाजूलाच उभा होता. तो स्टुलाकडे परत गेला नव्हता. त्याचा अंगठा अजून दांडीच्या पायाजवळ होता.

"थांब," तो म्हणाला. "आज नको."

"का?"

"उद्या तुझा तो डिजिटल घेऊन ये. इथं मांड. प्रत्येक वाटी दोन्हीवर तोलायची. दोघांचं जमलं नाही, की त्याचं ऐकायचं."

"कुणाचं?"

"डिजिटलचं."

डल्सी उंबरठ्याच्या आत आली. "तो? माझ्या घरात? कीथ, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ज्यानं तुझा डोळा—"

"त्यानं नाही," कीथ म्हणाला.

हळूच म्हणाला. तिच्याकडे बघूनही नाही, टेबलाकडे बघून. डल्सी आणखी एक पाऊल आत आली. ती नवऱ्याकडे पाहत होती, मग त्याच्या अंगठ्याकडे, मग त्या पितळी दांडीकडे, जिच्याबद्दल तिला कधी काही कळलं नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही पडली नव्हती. तिला खाचा मोजता आल्या नसत्या. पण लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याची मान अशी खाली गेलेली मोजता येते.

नोरीन वाटीतली दारू पुन्हा डब्यात ओतत होती, एक कण बाहेर पडू न देता, कारण नजर कुठं ठेवावी ते तिला कळत नव्हतं.

"नोरीन," डल्सी म्हणाली. ते नाव तिच्या तोंडून खरखरीत निघालं, तिनं घसा साफ केला आणि पुन्हा म्हणून पाहिलं. "नोरीन. चहा ठेवते मी. दूध घालतेस ना अजून?"

"घालते," नोरीन म्हणाली. "थोडंसं."